न झिजणारी पिन

लग्नात माझ्या वडिलांनी मला ग्रामोफोनची एक रेकॉर्ड दिली. फोनो दिला नाही, कारण फोनो आमच्याकडे नव्हता. आमच्याकडेच काय, अख्ख्या गावात नव्हता. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, त्यातला प्रकार. पण ही गोष्ट सांगायला बसले की आजही माझे हात आपोआप हलायला लागतात आणि घरातली मंडळी समोरचे चहाचे कप उचलून बाजूला ठेवतात.

त्याचं असं झालं. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. लग्नाच्या खरेदीला आई, बाबा आणि मी नागपूरला गेलो होतो. लुगड्यांच्या दुकानातून बाहेर पडलो तर शेजारच्या दुकानात, गिऱ्हाईक गोळा करायला, कर्ण्यातून गाणं लावलेलं. मराठी गाणं. नदीच्या अलीकडे उभी असलेली बाई पलीकडच्या नावाड्याला हाक मारते, एवढीच त्यात गोष्ट. शब्द थोडे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी नुसती हाक, "होऽऽ" करत वर वर जाणारी. आमच्या घाटावर डोंगा पलीकडे असला की बाया अश्शीच हाक मारायच्या. बाबा भर रस्त्यात उभेच राहिले. मागून सायकलवाला घंटी वाजवतोय, आई हात ओढतेय, आणि बाबा हलायला तयार नाहीत.

"हे तर आपल्या घाटावरची हाक हाये," ते म्हणाले आणि सरळ दुकानात शिरले.

आई वैतागली. "रेकॉर्ड घेऊन का करन पोरगी? फोनो कुठी हाये?"

"भिलाईले असन. तिथं सारंच नवं उभं होऊन राह्यलं म्हंते." मग बाबा माझ्याकडे वळले. "तू वाजवजो तिकडे. लोकायले आवडली का, मले सांगजो. मी येईन आयकाले."

बाबांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण मला ते कळत होतं. पोरगी इतक्या लांब, परक्या माणसांत चालली होती. तिथे तिचं कसं होईल ह्याची त्यांना काळजी होती, आणि ती काळजी त्यांनी त्या रेकॉर्डीवर टाकली होती. रेकॉर्ड तिकडच्या लोकांना आवडली, तर पोरगीही आवडेल. मीसुद्धा तसंच धरून चालले. रेकॉर्ड हिरव्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या मधोमध ठेवली आणि गोंदियापासून दुर्गपर्यंत ट्रंकेवर कुणाला बसू दिलं नाही.

नवरा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, मशीन शॉपमध्ये फिटर होता. आम्हाला कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-१ मध्ये खोली मिळाली होती. कारखाना तेव्हा अर्धा उभा होता आणि अर्धा नकाशात. आमच्या शेजारी आंध्रातली आक्का राहायची, समोर क्रेन चालवणारे सरदारजी, आणि रांगेच्या टोकाला टाइम ऑफिसातले एक अमरावतीकडचे गृहस्थ, एकटेच. फोनो त्यांच्याकडे होता! चावीचा, पितळी कर्ण्याचा, कर्णा इतका मोठा की त्यात मांजर झोपायचं. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी म्हणायचे, आणि बाकी सारा कॅम्प त्यांना फोनोबाबू म्हणायचा.

आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, हातावरची मेंदी तशीच, मी रेकॉर्ड घेऊन त्यांच्या दारात उभी. नवरा मागून कुजबुजतोय, "थांब ना वो, लोक काय म्हनतीन!" लोक काय म्हणतील ते म्हणोत. भाऊजींनी चावी दिली, पिन टेकवली, आणि कॅम्पच्या लाल धुळीत ती हाक निघाली. अंगावर काटा आला माझ्या. मी आजूबाजूला बघितलं. आक्का कडेवरच्या मुलाचं नाक पुसत होती. सरदारजी दाढी खाजवत होते. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "अच्छा है, बहनजी. अब वो सीटीवाला लगाओ."

सीटीवाला म्हणजे सरदारजींची रेकॉर्ड. कुठल्याशा हिंदी सिनेमातलं गाणं, त्यात गाणारा मध्येच थांबून मजेत शीळ घालतो. त्या गाण्यावर सारा कॅम्प जीव टाकायचा. दुपारी नळावर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया संध्याकाळी भाऊजींच्या दारात मांडीला मांडी लावून बसायच्या आणि शीळ आली की एकदम माना हलवायच्या. तेलुगू, बंगाली, पंजाबी, सगळ्यांच्या रेकॉर्डी होत्या, सगळ्यांच्या फर्माइशी होत्या. माझ्या रेकॉर्डीला 'नदीवाला' असं नाव पडलं आणि तिची पाळी कायम शेवटी. "नदीवाला बाद में," असं कुणीतरी म्हणायचं, तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा आणि मैफल मोडायची. माझा असा संताप व्हायचा की त्या रात्री पोळ्या करपायच्या.

कॅम्पात आम्हा विदर्भाकडच्या लोकांनी गणपती बसवला होता आणि भाऊजींनी त्यात एक पद्धत सुरू केली होती. ज्याच्याकडे रेकॉर्ड असेल त्याने आपली सगळ्यात आवडती एकच आणायची. दहाही दिवस आरतीनंतर मांडवात त्या वाजायच्या, फर्माइशीप्रमाणे. विसर्जनाच्या दिवशी प्रत्येक रेकॉर्डीसमोर तिच्या मालकाचा लोटा ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याने हातातला चिंचोका आवडीच्या लोट्यात टाकायचा. एका माणसाला एकच चिंचोका, मग तो साहेब असो की मजूर. ज्याचा लोटा जड, त्याची रेकॉर्ड गणपती उठवण्याआधी शेवटची वाजणार. गावाकडचा एक माणूस परत जात होता, त्याच्याबरोबर मी बाबांना निरोप धाडला, या ऐकायला, आपला नंबर येईल. उलट निरोप आला की धानाचं निंदण चालू आहे, पुढल्या वर्षी येतो, पण लोकांना आवडली का ते कळव.

आणि ऐन गणपतीत पिना संपल्या.

फोनोची पिन म्हणजे शिलाईच्या सुईच्या टोकाएवढी चीज. एक-दोनदा वाजवली की बोथट होते, फेकायची आणि नवी लावायची. भाऊजींची डबी रिकामी झाली. दुर्गच्या दुकानात विचारलं, तर माल नागपूरहून यायचा होता. मांडवात सुतक पडल्यासारखं झालं. तेवढ्यात माझा नवरा उठून उभा राहिला, आणि मला त्याची ती छाती अजून दिसते.

"पिनच पायजे ना? अबे, आपण रेलगाडीचे रूळ बनवून राह्यलो, आपल्याले एक पिन नाई बनवता येणार?"

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना त्याने तेलकट चिंधीत गुंडाळून पिना आणल्या. मोडक्या ड्रिलच्या तुकड्यांपासून केलेल्या. ज्या पोलादाने पोलाद कापतात ते पोलाद! ग्राइंडरवर घासून, लाल तापवून, तेलात बुडवून. भाऊजींनी पिन लावली आणि सीटीवाला खणखणीत वाजला. पुन्हा वाजला. संध्याकाळभर वाजला, आणि पिनेचं टोक जसंच्या तसं. नवऱ्याने ती कंदिलाच्या उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. "झिजतच नाई! पाहा ना, पाहा!" लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सरदारजींनी मिठी मारली. मी तर सगळ्या बायांना त्या पिना माझ्या हाताने दाखवल्या, जशा काही माझ्या माहेरहून आल्या होत्या.

मग काय, पिन संपायची भीतीच नाही! फर्माइशींना ऊत आला. सीटीवाला तर एका संध्याकाळी इतक्यांदा वाजला की गणपतीलाही पाठ झाला असेल. रेकॉर्डींवर काळपट भुकटी दिसायची. पण कॅम्पात भुकटी कशावर नसायची? भातावर असायची, पांघरुणावर असायची, तान्ह्या पोरांच्या भुवयांवर असायची. आक्का पदराने रेकॉर्ड पुसायची आणि पुढची फर्माइश लागायची. नदीवाला नेहमीप्रमाणे 'बाद में' होता.

विसर्जन दोन दिवसांवर आलं तेव्हा सीटीवाल्याने दगा दिला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तसा चर्र आवाज, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी गाणारा. भाऊजींनी बंगाल्यांची रेकॉर्ड लावली, चर्र. आक्काची लावली, चर्र. नवरा पुढे झाला. त्याने पिन पाहिली, मग ती भुकटी बोटावर घेऊन चोळली, आणि फाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"माय वो! रोज तर तेच काम करतो मी. फिरनारा शाफ्ट कडक आन् त्याच्या भवतालचा बुश नरम. बुश नरम कावून ठेवतेत? झिजाचं असन तर बुश झिजावं, शाफ्ट वाचावा म्हून! आन् इथं पिन म्हंजे बुश हाये! तिले झिजाच लागते! पिन नाई झिजली, म्हून रेकॉर्ड झिजून राह्यली!"

साऱ्यांचं लक्ष सरदारजींकडे. त्यांनी आपली पांढुरकी पडलेली रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात फिरवली, आणि एकदम गडगडाटी हसले. "ओये, फौलाद का कारखाना है भाई, फौलाद ही जीतेगा!"

सगळे हसले. मी मात्र हसत नव्हते, मी हिशेब करत होते. ज्या रेकॉर्डी लोकांनी पुन्हा पुन्हा मागितल्या, त्या गेल्या. जी कुणी मागितलीच नाही, ती ट्रंकेतून काढली तशी, कोरीकरकरीत! मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. आयत्या बिळावर नागोबा तर आयत्या बिळावर नागोबा, मला काय त्याचं!

विसर्जनाच्या दिवशी भाऊजींनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. वेळप्रसंगाला म्हणून जपून ठेवलेली एकच खरी, नरम पिन त्यात होती. ती त्यांनी माझ्या रेकॉर्डीला लावली. काय वाजली! पाण्यावर पडणारी वल्हीसुद्धा मोजता आली असती. मांडवात सगळे हात जोडून बसल्यासारखे बसले होते. मी लोट्याकडे बघत होते. पितळेचा माझा लोटा, चिंचेने घासून आणलेला.

मग सरदारजी म्हणाले, एकदा माझीही लावा. लावली. चर्रऽऽ. गाणारा ऐकूच येईना. पण शिळेची जागा आली आणि सरदारजींनी स्वतःच शीळ घातली. दाढीमिशीतून, सूर सोडून. पोरं खिदळली. पुढची ओळ आक्काने उचलली, त्यापुढची बंगाल्यांनी, आणि बघता बघता सारा मांडव गायला लागला. कर्ण्यातून चर्र, आणि बाहेर सगळा कॅम्प! टाळ्या काय, शिट्या काय. गाणं संपलं आणि चिंचोके सरदारजींच्या लोट्यात असे पडायला लागले जशी पत्र्यावर गार पडते. माझा लोटा भाऊजींनी उपडा केला. मोजायची गरजच नव्हती.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुमचा चिंचोका कुठी टाकला?"

तो पायातले बूट काढत बसला. काढतच बसला. शेवटी म्हणाला, "सरदारजीच्या लोट्यात. आता त्याची रेकॉर्ड मीच खाल्ली ना."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रेकॉर्ड लुगड्यात गुंडाळली आणि ट्रंकेला कुलूप घातलं. बाबांना काय कळवू? चांगली वाजली, सगळ्यांनी ऐकली, आणि कुणाला नको होती. दोन दिवस मी मुसमुसत भांडी आदळत होते. नवरा बिचारा स्वतःच भात शिजवून स्वतःच खात होता.

तिसऱ्या सकाळी बाहेर हाक ऐकू आली. "होऽऽ!" वर चढणारी, वरच थांबणारी. मी उठले ते तशीच धावत दारात. आक्का होती! तिचा थोरला नाल्यापलीकडे मातीत खेळत होता आणि ती कमरेवर हात ठेवून त्याला बोलावत होती. माझ्या गाण्यातल्या हाकेने! एकदा नीट ऐकली होती तिने, फक्त एकदा.

"आक्का! फिरसे! फिरसे करो!" मी ओरडले. ती दचकली, मग हसली आणि पुन्हा हाक मारली. पोरगा आला नाही, पण मी नाल्यापर्यंत नाचत गेले.

तिथून ती हाक कॅम्पात सुटली. शब्द कुणाला येत नव्हते, पण हाकेला कुठली भाषा? नळाला पाणी आलं की आक्का "होऽऽ" करून रांग जागी करायची. पाळी सुटून येणारे फिटर वळणावरून "होऽऽ" करायचे आणि घरोघरी चहाचं आधण चढायचं. छत्तीसगढी भाजीवालीसुद्धा भाज्यांची नावं सोडून त्याच हाकेने यायला लागली. आणि हाक आली तसं मागून गाणं मागायला लोक आले. आक्का आधी आली, रेकॉर्ड दे म्हणून. मी म्हटलं, नाही, झिजेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रख के क्या करती तुम? अचार डालती?"

मी कुलूप काढलं.

वर्षभर ती रेकॉर्ड माझ्या घरात कमी आणि भाऊजींच्या फोनोवर जास्त. नागपूरच्या खऱ्या पिना आल्या होत्या, पण आम्ही कॅम्पची माणसं. फेकायच्या पिनेने अजून एकदा, अजून एकदा असं चालायचंच. पुसायला आक्काचा पदर होताच. मी लोकांना शब्दांचे अर्थ सांगायचे, डोंगा म्हणजे काय, घाट म्हणजे काय. रेकॉर्डीचा काळा रंग हळूहळू राखाडी होत होता, तो मला दिसत होता. दर वेळी जीव तुटायचा, आणि दर वेळी कुणीतरी "नदीवाला पहले!" म्हणायचं की मीच उठून द्यायचे.

पुढच्या गणपतीत बाबा आले. पांढरं धोतर, खांद्यावर तांदळाची पिशवी. दुर्ग स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारलं, "रेकॉर्ड हाये ना वो?" नागपूरच्या त्या रस्त्यानंतर त्यांनी ते गाणं एकदाही ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा लख्ख आठवलं. मी नुसती मान हलवली.

विसर्जनाच्या दिवशी त्यांना अगदी कर्ण्यासमोर बसवलं. हातात चिंचोका दिला. भाऊजींनी कोरी पिन लावली, मुद्दाम जपून ठेवलेली, आणि टेकवली.

चर्रऽऽ.

बाई कुठेतरी होती, पण नदीच्या पलीकडे गेल्यासारखी. बाबांनी कानामागे हात धरला, पुढे वाकले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या लांबून आला माणूस, एक गाणं ऐकायला, आणि पोरीने ते लोकांना वाटून संपवलं होतं. मी उठून पिन उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात मागून आक्काने सुरुवात केली. मराठीत! 'डोंगा' म्हणताना 'दोंगा' म्हणत, पण एकही शब्द न सोडता. तिच्यात सरदारजी मिसळले, मग बंगाली, मग भाजीवाली, मग माझा नवरा, ज्याला सुराचं वावडंच आहे. आणि हाक आली तेव्हा तर लहान पोरांपासून सगळा मांडव मान वर करून "होऽऽ"! ती हाक कारखान्यापर्यंत गेली असेल. मी नुसती टाळ्या पिटत होते आणि रडत होते. माझ्या पितळी लोट्यात चिंचोके वाजायला लागले तरी मी तिकडे बघितलं नाही, मी बाबांकडे बघत होते. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला होता आणि ते कर्ण्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले होते.

गाणं संपलं. चिंचोका बाबांच्या मुठीतच राहिला होता.

"तिथं दुकानात तर एकच बाई गाऊन राह्यली होती वो," बाबा म्हणाले.